विहाराचा उंबरठा
(मंडळाच्या मिरज येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस 'तरुणांनी काय पाहावे' या विषयावर बोलावयास सांगितले आहे. किल्ले आणि देवळे पाहा असे सांगणारे पुष्कळ आहेत. आम्ही बुद्धविहाराविषयी बोलणार आहो. कारण आपल्या ज्ञातीतील दोन मुलांनी येऊन विचारले, "गुरुजी, आम्ही विहारात गेलो, पण आम्ही तेथे नकोसे आहोत असे वाटले. पुन्हा जावे काय?"

हा अनुभव आम्हांसही आहे. १९७४ साली, मॅट्रिकच्या वर्षी, आम्ही परगावी एका विहारात शिरलो. वहाणा बाहेर काढल्या, एवढेच काय ते आम्हांस ठाऊक होते. वंदना चालली होती. कोठे बसावे, केव्हा वाकावे, काहीच कळेना. एका वृद्ध गृहस्थांनी नाव विचारले, मग आडनाव, मग "कोणाकडे आलास?" स्वर कोरडा होता. आम्ही पाच मिनिटांत बाहेर पडलो.

पुढे शाळेत इतिहास शिकविताना त्या प्रश्नाचा उलगडा होऊ लागला. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालला, तरी दार उघडले नाही. पंढरपूरचे दार उघडण्यास १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धर्मांतर झाले. ते वृद्ध गृहस्थ १९३० साली ऐन विशीत असावेत. आडनावावरून माणूस बाहेर ठेवण्याची विद्या त्यांची नव्हे. ती त्यांनी आपल्या उंबरठ्यांवर सोसली होती. आपल्या आळीतला मुलगा निव्वळ पाहावयास आला आहे, हे त्यांना एकदम खरे कसे वाटावे?

तरीही सोळा वर्षांच्या मुलाने वडिलोपार्जित हिशेब चुकता करावा, असे आम्ही म्हणणार नाही. बौद्धांच्या वंदनेतच धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले आहे. म्हणजे 'ये आणि पाहा' असे सांगणारा. तेव्हा येणाऱ्याला बसावयास सांगणे हे विहाराचेही काम आहे.

आपल्यातील धर्मानंद कोसंबींचे चरित्र मुलांनी अवश्य वाचावे. गोव्यातील सांखवाळचा हा सारस्वत तरुण बुद्धाच्या शोधात घराबाहेर पडला. १९०२ साली नेपाळात पोहोचला, तो तेथील बौद्ध धर्माची स्थिती पाहून निराश झाला. परंतु तो घरी परतला नाही; बोधगयेस आणि तेथून सिंहलद्वीपास गेला, विद्योदय विद्यालयात पाली शिकला. पुढे त्यानेही मराठी वाचकांपुढे बुद्धचरित्र ठेवले. पहिल्या निराशेला त्याने निकाल मानले असते, तर?

दूर कशाला, आपल्या मिरजेतच पाहा. ख्वाजा शमनामीरांच्या उरुसात पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तेथे गावयास कोणी कोणाची जात विचारीत नाही. आता आपल्या मंडळाच्या महाप्रसादाला परका मुलगा येऊन बसला, तर आपण त्याला प्रथम काय विचारतो? (हशा.) हसू नका, उत्तर सर्वांस ठाऊक आहे.

मुलांनो, पुन्हा जा. वंदनेची वेळ आधी विचारून ठेवा, मागे बसा, फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्या, आणि आडनाव विचारले तर ते सरळ सांगा. उत्सवाच्या गर्दीत आपल्याकडे लक्ष द्यावयास कोणास सवड नसते. साधा रविवार बरा.

चालकांस एक विनंती. यंदाची सहल कऱ्हाडजवळच्या आगाशिवाच्या बौद्ध लेण्यांस न्यावी. मिरजेहून आगगाडीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. डोंगर चढावयाचा आहे, तेव्हा वृद्धांनी पायथ्याशी थांबावे. आम्ही मात्र चढणार आहो. येताना वाटेतल्या एखाद्या विहारात, आधी कळवून, मुलांसह अर्धा तास बसावे. कळविण्याचे पत्र आम्ही लिहू.