गाडी ऐकू येऊ द्या

आज इअरफोन लावून माझ्या चाळीसगावात फिरूया. मी एक ऑडिओ वॉक बनवलाय. सुरुवात रेल्वे स्टेशनपासून. इथूनच धुळ्याचा फाटा फुटतो. पहिला थांबा जवळच, केकी मूस यांचा बंगला.

मूस यांचा जन्म १९१२ चा, मुंबईचा. १९८९ मध्ये ते इथेच गेले. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून अख्खा देखावा उभा करायचा आणि त्याचा फोटो काढायचा, ही त्यांची खासियत. कित्येक दशकं ते या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. गावात सांगतात, मैत्रीण रात्रीच्या मेलने येणार म्हणून गाडीच्या वेळेला ते दार उघडं ठेवायचे. खरं-खोटं कोण जाणे, पण गोष्ट अजून जिवंत आहे.

मी ती चार मिनिटं संगीतासकट रेकॉर्ड केली आणि आईला ऐकत चालायला लावलं. दारापाशी तिने इअरफोन काढले. म्हणाली, "अरे, तू एवढा बोलतोयस, गाडी ऐकू कशी येणार?"

चूक कळली. ज्या आवाजाची ही गोष्ट, तोच मी दाबला होता! आता तिथे एकच वाक्य आहे: "इअरफोन काढा, थोडं थांबा." पुढचा भाग आपोआप सुरू होत नाही. तुम्ही बटण दाबाल तेव्हाच.

तुमच्या गावाचा वॉक बनवताय? आधी घरच्यांना चालवून बघा. रस्ता ओलांडताना निवेदन नको. आणि गप्प कुठे बसायचं, तेही स्क्रिप्टमध्ये लिहा.

भेटू पुढच्या भागात!