उलटी थांबवायची की होऊ द्यायची?

मी परिचारिका. अर्धं आयुष्य वॉर्डात गेलं, म्हणून आज वॉर्डातलंच बोलते.

2017 साली फवारणीच्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून फवारणीच्या डब्याला आपण भितो. पण घरातल्या तापाच्या गोळीला, पॅरासिटामॉलला, कोणी विष म्हणत नाही.

एका सुनेनं रागाच्या भरात ती पाकीटभर खाल्ली होती. आम्ही उलटी थांबवायचं इंजेक्शन भरत होतो, तर सासूबाई हात धरून म्हणाल्या, "बाई, उलटी कायले थांबवता? जहर बाहेर निंघू द्या ना!"

त्यांचं म्हणणं चुकीचं वाटत नाही, पण आहे. गोळ्या लवकर विरघळून रक्तात जातात. नंतर कितीही ओकलं तरी त्या परत येत नाहीत. ओकारीतून जातो तो उतारा. या गोळीवरचा उतारा म्हणजे अ‍ॅसिटिलसिस्टिन. पाजायच्या औषधाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. आधीच मळमळणारी बाई ते पोटात ठेवणार कशी? पाजल्यावर तासाभरात ओकली तर तो डोस पुन्हा द्यावा लागतो. म्हणून आधी ऑन्डॅनसेट्रॉनसारखं उलटी थांबवणारं औषध देतात. तरीही नाही थांबली, तर उतारा सलाईनमधून शिरेत.

हा उतारा आठ तासांच्या आत सुरू झाला तर लिव्हर बहुतेक वाचतं. उशीर झाला तरी देतातच, पण धोका वाढतो. आणि फसवणूक इथंच आहे. पहिल्या दिवशी मळमळ, मग माणसाला बरं वाटू लागतं, घरचे म्हणतात, उतरलं. दोन-तीन दिवसांनी डोळे पिवळे होतात.

म्हणून घरी मिठाचं पाणी पाजू नका, घशात बोटं घालू नका. मिठाचं पाणी स्वतःच घातक ठरू शकतं, आणि गुंगीतल्या माणसाची उलटी फुप्फुसात जाते. गुंगी असेल तर कुशीवर निजवा, 108 ला फोन करा, रिकामी पाकिटं पिशवीत टाका. किती वाजता खाल्ल्या ते खरं सांगा. लाजेपायी "दोनच खाल्ल्या" म्हणणारे नातेवाईक मी फार पाहिले.

ती सून वाचली. घरी जाताना सासूबाईंनी मला विचारलं, तिच्याशी आता बोलू काय? म्हटलं, बोला, पण आधी तिचं ऐका. मन फारच जड झालं तर 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लिहून घ्या, चौदा चार सोळा.