लेकरांचा पुस्तक-दिवस



बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं, त्यात पुस्तकांसाठी खास जागा केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी आपल्याला धम्म दिला. २०१५ पासून राज्यात १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी आम्ही लेकरांना विहारात बोलावतो. डोक्यावर पुस्तक ठेवून चालायचं. पडलं तर पहिलं पान मोठ्यानं वाचायचं. नंतर खिचडी आणि गुळाचा शिरा.

पण दिवाळीच्या सुमारास जालना जिल्ह्यातली कितीतरी लेकरं आईबापामागं ऊसतोडीला जातात. म्हणून प्रत्येकाच्या पिशवीत एक पुस्तक देऊ. परतल्यावर ते फाटलेलं असलं तरी रागावणार नाही. त्यातली गोष्ट तेवढी ऐकू. पुस्तक फाटो, शाळा तुटू नये!

भवतु सब्ब मंगलं.