काचपेटीस छिद्र पाडण्यापूर्वीं



माशांची काचपेटी आतां पुष्कळ घरांतून दिसूं लागली आहे. कोपऱ्यांतल्या दिव्याच्या उजेडांत फिरणारे रंगीत मासे पाहून लहानांचें मन रमतें आणि थोरांचा शीण जातो. हा छंद वाढीस लागला, म्हणजे पेटीचें पाणी आपोआप गाळलें जावें म्हणून तिच्याखालीं दुसरी पेटी ठेवून दोहोंमधून पाणी खेळतें ठेवण्याची योजना केली जाते. त्यासाठीं वरच्या पेटीच्या काचेस छिद्र पाडून नळी बसवावी लागते. काचेस छिद्र पाडणें अशक्य नाहीं. नीट साधनें असल्यास तें फारसें अवघडही नाहीं. मात्र हत्यार हातीं घेण्यापूर्वीं एका प्रश्नाचें उत्तर मिळालें पाहिजे. ही काच साधी आहे, कीं टेम्पर्ड, म्हणजे बाजारच्या बोलींत 'टफन' केलेली आहे? साध्या काचेस छिद्र पडतें. टेम्पर्ड काचेचा चुरा होतो. दोन्हीं काचा नुसत्या डोळ्यांना सारख्याच दिसतात, आणि घोटाळा होतो तो येथेंच.

वाळू, सोडा आणि चुना एकत्र वितळवून साधी काच करतात. ती एकदम थंड झाली तर तिच्या अंगांत ताण राहून जातो, म्हणून कारखान्यांत तिला मुद्दाम हळूहळू निववितात. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पावसाचा थेंब पडून ती तडकलेली आपल्यापैकीं वडीलधाऱ्या मंडळींनीं पाहिली असेल. तापलेल्या काचेचा एक भाग अचानक निवून आकसूं पाहतो, शेजारचा भाग तसाच राहतो, आणि त्या ओढाताणींत काच तडकते.

टेम्पर्ड काच करतांना हीच ओढाताण बुद्ध्याच, पण नियमांत बांधून, उत्पन्न करतात. कापून तयार केलेलें तावदान सुमारें ६२० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात आणि दोन्हीं बाजूंनीं त्यावर थंड हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग आधीं निवून कठीण होतो. गाभा मागाहून निवतो व आकसूं पाहतो. पण कठीण झालेला पृष्ठभाग त्याला पुरतें आकसूं देत नाहीं. परिणामीं बाहेरचे थर दाबाखालीं राहतात आणि गाभा ताणाखालीं. आतां, काच तुटते ती बहुधा पृष्ठभागावरची एखादी सूक्ष्म चीर उघडून. येथें पृष्ठभागच दाबलेला असल्यामुळें ती चीर सहसा उघडत नाहीं. म्हणून अशी काच साध्या काचेच्या सुमारें चौपट भार सोसते. लोहार विळ्याला पाणी पाजतो त्या कृतीशीं हिचें वरवर साम्य आहे खरें; पण पोलादाची अंतर्रचना बदलते, तर काचेंत दाब आणि ताण यांचा केवळ समतोल साधलेला असतो.

हा समतोल मोडला म्हणजे काय होतें, हें सतराव्या शतकांतच लोकांच्या दृष्टीस आलें होतें. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यांत सोडला कीं त्याला वाटोळें डोकें आणि लांब शेपूट येतें. डोक्यावर हातोडी मारली तरी तें फुटत नाहीं; पण शेपटीचें टोंक मोडतांच सबंध थेंबाचें पीठ होतें. प्रिन्स रूपर्टनें हे थेंब १६६० च्या सुमारास इंग्लंडांत आणले, म्हणून त्यांना त्याचें नांव पडलें. रॉबर्ट हूकनें १६६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथांत त्यांचा विचार केला आहे.

टेम्पर्ड तावदान म्हणजे या थेंबाचेंच सपाट भावंड होय. त्यांत दाबलेला थर प्रत्येक बाजूस जाडीच्या सुमारें एक पंचमांश असतो. म्हणजे दहा मिलिमीटर जाडीच्या काचेंत दोनएक मिलिमीटर खोल गेलें कीं गिरमिट ताणलेल्या गाभ्यास भिडतें. त्याबरोबर भेगा सेकंदास सुमारें दीड किलोमीटर वेगानें चोहोंकडे धांवतात आणि डोळ्यांचें पातें लवण्यापूर्वीं सगळ्या तावदानाचे बारीक खडे होतात. यांत कारागिराच्या हाताचा दोष नसतो. उत्तमांतलें उत्तम हत्यार आणि स्थिरांतला स्थिर हात येथें सारखेच निरुपयोगी. म्हणूनच अशा काचेला जीं छिद्रें हवीं तीं सारीं कारखान्यांत, भट्टींत जाण्यापूर्वींच पाडून घेतात.

तर मग ही काच ओळखावी कशी? प्रथम पेटीच्या तळाखालीं व कडांना पाहावें. 'तळाची काच टेम्पर्ड आहे, छिद्र पाडूं नये' अशी चिठ्ठी कांहीं कारखानदार चिकटवितात. कांहीं काचांच्या कोपऱ्यावर कोरलेला शिक्का असतो. परंतु चिठ्ठी नाहीं म्हणून काच साधी, असें समजूं नये. जुन्या पेटीवरची चिठ्ठी केव्हांच निघून गेलेली असते. टिचकी मारून आवाज ऐकणें, कडेवर बोट फिरवून पाहणें, या खुणाही भरंवशाच्या नव्हेत. हिरकणीनें ओरखडा काढून पाहणें तर सर्वथा वर्ज्य होय.

खरी परीक्षा प्रकाशाची. प्रकाशलहरी एरवीं सर्व दिशांनीं स्पंदन पावतात. एकाच पातळींत स्पंदन पावणाऱ्या प्रकाशास ध्रुवित प्रकाश म्हणतात. ताण असलेल्या काचेंतून असा प्रकाश गेला कीं त्याच्या स्पंदनांत फरक पडतो. हा गुण स्कॉटलंडचा शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यानें एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत दाखवून दिला. त्या काळीं ज्याला प्रयोगशाळा लागे तें साधन आज घरांत आहे: संगणकाचा एल.सी.डी. पडदा ध्रुवित प्रकाशच देतो. दुसरें साधन म्हणजे उन्हांत घालावयाचा 'पोलराइज्ड' चष्मा.

पेटी रिकामी करून पुसून घ्यावी. संगणकाचा पडदा कोरा पांढरा ठेवावा. चष्मा डोळ्यांपुढें धरून हळूहळू फिरवीत जावें. एका स्थितींत पडदा जवळजवळ काळा दिसेल. चष्मा तेथेंच स्थिर ठेवून पडदा आणि आपण यांच्यामध्यें तपासावयाची काच आणावी. काळोख तसाच राहिला, तर काच साधी. काळोखांत उजळ डाग, पट्टे किंवा जाळी उमटली, तर काच टेम्पर्ड समजावी. प्रत्येक तावदान वेगळें तपासावें. तळासाठीं पेटी आडवी करावी, कारण पुष्कळ पेट्यांत तळ तेवढा टेम्पर्ड असून बाजू साध्या असतात. चष्मा कसाही फिरविला तरी पडदा काळा होत नसेल, तर ती साधनें या कामाचीं नव्हेत. त्यांवरून निकाल देऊं नये. आणि संशय उरला तर छिद्र पाडूं नये.

आमच्या शेजारच्या एका विद्यार्थ्यानें वर्षभर शिकवण्या करून सांठविलेल्या पैशांतून एक जुनी पेटी घेतली. नव्वद सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद आणि तेवढीच उंच. म्हणजे कांठोकांठ १८२ लिटर, आणि पाण्याचें वजनच १८२ किलो. तळाला छिद्र पाडण्यासाठीं मिस्त्रीही येऊन बसला होता. "मास्तर, काच ती काच! आजवर काय थोडीं छिद्रें पाडलीं?" असें तो म्हणाला. मी वाद न घालतां त्याच्याच हातीं चष्मा दिला. तळाची काच पडद्यापुढें येतांच ठिपक्याठिपक्यांची रांगोळी उमटली. मागची काच धरली तेव्हां कांहींच दिसलें नाहीं. मिस्त्रीनें दोनदां पाहिलें, आणि "तळाला हात लावायचा नाहीं, पोरा," असें आपण होऊनच सांगितलें. त्यानें मागच्या काचेस वरच्या बाजूला छिद्र पाडलें. एका परीनें तें अधिक सोयीचेंच झालें. तळाचें छिद्र गळूं लागलें तर पेटी कोरडी पडून मासे तडफडतात. वरचें गळलें तर पाणी छिद्रापर्यंतच उतरतें.

आतां साध्या काचेस छिद्र पाडण्याची रीत थोडक्यांत सांगतों. साधें पोलादी गिरमिट येथें चालत नाहीं. हिऱ्याची पूड बसविलेलें, नळीसारखें पोकळ पातें लागतें. छिद्राची कड तावदानाच्या कडेपासून निदान छिद्राच्या व्यासाइतकी दूर असावी. लांकडी फळींत त्याच मापाचें भोंक पाडून ती काचेवर घट्ट धरली म्हणजे पातें आरंभीं घसरत नाहीं. खूण उमटली कीं फळी काढून छिद्राभोंवतीं लांबीचें आळें करावें व त्यांत पाणी भरावें. पाण्यानें काच तापत नाहीं आणि चूर्ण हवेंत उडत नाहीं. मागल्या बाजूस चिकटपट्टी लावावी. वेग मंद ठेवावा, हातानें जोर करूं नये, आणि पातें आरपार जाण्याच्या वेळीं हात आणखी हलका करावा. घाई केली तर मागल्या बाजूचे टवके उडतात. डोळ्यांवर संरक्षक चष्मा अवश्य असावा. पाणी जवळ असल्यामुळें बॅटरीवर चालणारें यंत्र वापरणें श्रेयस्कर. शेवटीं छिद्राची धार ओल्या बारीक पॉलिशपेपरनें मोडावी, रबरी वायसर घालून नळीची चाकी हातानेंच आंवळावी, आणि पेटी एक दिवस पाण्यानें भरून ठेवून मगच मासे सोडावे.

सगळ्याच काचा टेम्पर्ड निघाल्या तर निराश होण्याचें कारण नाहीं. पेटीच्या कांठावरून वक्रनलिका टाकूनही पाणी खालीं आणतां येतें. तिच्यांत हवा शिरून प्रवाह तुटतो, म्हणून तिच्यावर नजर ठेवावी लागते, एवढेंच.

तात्पर्य, टेम्पर्ड काचेचें बळ आणि तिचा दुबळेपणा हीं दोन्हीं एकाच ताणांतून आलेलीं आहेत. एक ठेवून दुसरा काढतां येत नाहीं. तिच्यावर जो संस्कार करावयाचा तो भट्टीपूर्वींच केला पाहिजे. मागाहून तिला आहे तशी पत्करावी लागते. ती कोणती काच आहे हें पाहण्यास दहा मिनिटें पुरतात. त्या दहा मिनिटांवर एखाद्या मुलाची वर्षाची पुंजी, कारागिराचे हात आणि पेटींतल्या मुक्या जिवांचे प्राण अवलंबून असतात, एवढें आपण ध्यानांत ठेवावें.