आईला सांगितलं नव्हतं

मी छत्तीसगडातल्या उतईहून बोलतोय. भिलाईच्या जवळचं हे गाव. वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते, निवृत्त झाल्यावर इथे घर बांधलं. मी डॉक्टर नाही. आईचा आजार आणि त्यात मी केलेली एक चूक, एवढंच सांगायला बसलोय.

आई गोंदियाकडच्या आमगावची. माहेरी मशेरी लावायची, इकडे आल्यावर गुडाखू. महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक नसेल, तर सांगतो. तंबाखू आणि गुळाची मळी यांचा काळा लगदा, छोट्या डबीत मिळतो. बोटावर घेऊन दातांना घासतात. आमच्याकडच्या बायका चहाआधी घासतात, दुपारी घासतात, भांडण झालं की घासतात. त्याला कोणी व्यसन म्हणतच नाही. २०१७ च्या दिवाळीत आईला चिवडा झोंबायला लागला. गालात आतून जखम होती. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर दाखवायलाच हवी, हे मला आज माहीत आहे. तेव्हा आम्ही दोन महिने हळद-तूप लावत बसलो.

तुकडा काढून तपासला. रिपोर्ट माझ्या हातात आला आणि मी डॉक्टरांना पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? "आईला सांगू नका." औषध काय, खर्च किती, हे नंतर. घरात ठरलं की 'इन्फेक्शन' म्हणायचं. बायको, भाऊ, शेजारी, सगळ्यांना पढवलं. बहीण फोनवर रडायची म्हणून तिचा फोन आईला द्यायचा नाही. सहा दिवस हे नाटक चाललं. आई काहीच विचारत नव्हती, आणि आम्हाला वाटलं, जमलं!

टाटा हॉस्पिटलला जायचं म्हणून दुर्गहून मुंबईच्या गाडीत बसलो. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण सवलत असते, सोबतच्या एकाला ७५ टक्के. त्यासाठी हॉस्पिटलचा फॉर्म लागतो, ज्यांना गरज असेल त्यांनी तो जरूर घ्या. तर नागपूर सुटल्यावर टीटीई आले, तिकीट पाहिलं आणि सरळ विचारलं, "कैंसर पेशंट कौन है?" त्यांची काही चूक नव्हती, त्यांचं कामच ते. मी गप्प. आईने पदर सारखा केला आणि हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा. "मैं हूँ."

ते गेल्यावर म्हणाली, "तुम्ही सगळे माझ्यासमोर हसत होता ना, तेव्हाच कळलं होतं. मी विचारलं असतं तर तू रडला असतास." म्हणजे सहा दिवस आम्ही तिला सांभाळत नव्हतो, तीच आम्हाला सांभाळत होती. आणि ती भीती तिने एकटीने काढली, भरल्या घरात.

मी सावरून तिला शरद पवारांचं सांगितलं. २००४ साली त्यांना तोंडाचाच कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, अजून दौरे करतात. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि आर. आर. आबा?" आर. आर. पाटील २०१५ साली याच आजाराने गेले होते. आमच्या घरी टीव्हीवर मराठी बातम्या लागायच्या, तिला सगळं माहीत. मी म्हटलं, "ते गेले, आई." ती म्हणाली, "हं. आता खरं बोललास." मग वर्ध्यापर्यंत आम्ही बोललो. जबड्याचा तुकडा काढतात का, बोलता येईल का, पैसे कुठून आणणार. निम्म्या प्रश्नांना मी "माहीत नाही, विचारू" म्हटलं. तेही तिला चाललं.

टाटा हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. त्यामागेही एका घरातलं दुखणं आहे. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या होत्या. परळच्या त्या फुटपाथवर उभं राहिलं की कळतं, आपल्यासारखे किती आहेत ते. आम्ही दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. आज मात्र लगेच मुंबई गाठायची गरज नसते. रायपूरच्या आंबेडकर रुग्णालयात सोय आहे, नागपूरला तुकडोजी महाराजांच्या नावाचं हॉस्पिटल आहे. आधी तिथे विचारा.

ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे शेक. चव गेली, लाळ सुकली, नाकातून नळी. नळीतून पेज, ताक, दूध घालायचं काम माझ्या बायकोने केलं, दर दोन तासांनी. येणारे सगळे आईची चौकशी करायचे. बायकोचं वजन सहा किलोंनी उतरलं, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही, हे कबूल करतो. "काही लागलं तर सांगा" म्हणणारे पुष्कळ भेटले, पण असं सांगायला कोणाचीच जीभ उचलत नाही.

न सांगता आली ती एकटी आमच्या पाड्यातली मितानीन. छत्तीसगडात २००२ पासून गावोगावी या आरोग्य कार्यकर्त्या आहेत, आशा ताईंच्याही आधीपासून. मितानीन म्हणजे मैत्रीण. उतईला परतल्यावर ती दर मंगळवारी दुपारी यायची आणि बायकोला म्हणायची, "तैं जा, मैं बइठे हंव." तू जा, मी बसते. बायको तेवढे दोन तास झोपायची. मी केलेल्या सगळ्या धावपळीपेक्षा त्या दोन तासांची किंमत जास्त होती, असं माझं मत आहे.

शेकानंतर तोंड उघडेनासं होतं. त्यासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या असतात. आई आठ काड्यांपासून चौदापर्यंत आली, पुढे जात नाही. पोळी दुधात कुस्करून खाते. बोलणं थोडं बोबडं झालंय, पण थांबलेलं नाही.

आता गावात कोणाला हा आजार निघाला की घरची माणसं आमच्याकडे येतात, ओसरीवर बसतात आणि हळू आवाजात म्हणतात, "घरी अजून सांगितलं नाही." आई आतून ओरडते, "जोरात बोला, मला ऐकू येत नाही."