मार्ग दाखविणाऱ्याची पात्रता
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत वडोदरा येथे दिलेले भाषण)



दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : ‘आता पुढे काय?’ या प्रश्नाला उत्तर देणारे आज पुष्कळ आहेत; परंतु उत्तर देण्याचा अधिकार कोणत्या गुणांनी प्राप्त होतो, याचा विचार क्वचितच होतो. तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

व्यवसाय-मार्गदर्शनाची शास्त्रशुद्ध मांडणी प्रथम केली ती फ्रँक पार्सन्स यांनी. १९०८ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे त्यांनी मार्गदर्शन केंद्र उघडले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि १९०९ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचे सूत्र साधे होते : स्वतःला ओळखा, व्यवसायांची माहिती मिळवा आणि या दोहोंचा मेळ विवेकाने घाला.

हे सूत्र आजही उपयोगी आहे. पण ते पुरेसे आहे काय? याचे उत्तर आपल्याच नगराच्या इतिहासात आहे. महाराजा सयाजीरावांच्या संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. बुद्धी असामान्य, शिक्षण सर्वोच्च, हाती राज्यातील पद. पार्सन्स यांच्या तराजूत सारे काही जुळत होते. तरीही अस्पृश्य म्हणून त्यांना या शहरात राहावयास जागा मिळाली नाही आणि त्यांना बडोदे सोडावे लागले. गुणवत्ता आणि व्यवसाय यांच्यामध्ये समाज उभा असतो. तो ज्याला दिसत नाही, त्याचा सल्ला कागदावर बिनचूक असला तरी जीवनात निरुपयोगी ठरतो.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय शैक्षणिक व व्यवसाय मार्गदर्शन संघटनेने २००३ साली सल्लागारांच्या क्षमता निश्चित केल्या, तेव्हा नैतिक आचरणाबरोबरच सांस्कृतिक भिन्नतेची जाण आणि विद्यार्थ्याची बाजू मांडण्याची तयारी यांचाही मूलभूत क्षमतांत समावेश केला.

आपल्या परिस्थितीत या क्षमतांचा अर्थ काय? पहिली क्षमता ऐकण्याची. मुलगा आईवडिलांसमवेत येतो तेव्हा बहुधा वडीलच बोलतात. मुलाच्या मौनालाही बोलते करणे हे कसब आहे. दुसरी, चाचणीचा अर्थ लावण्याची. अभिक्षमता चाचणी कल सांगते, भविष्य नव्हे. शिवाय जी मुलगी घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि शाळेत इंग्रजी बोलते, तिचे इंग्रजी चाचणीतील गुण बुद्धीचे की भाषेचे, हे तपासलेच पाहिजे. तिसरी, ताज्या माहितीची. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, १९६१ च्या कायद्यान्वये मिळणारी शिकाऊ उमेदवारी, शाळा सुटलेल्यांसाठी मुक्त विद्यालय, हे मार्ग अभियांत्रिकी-वैद्यकाइतक्याच आदराने सांगता आले पाहिजेत. महाराष्ट्रात शिकू इच्छिणाऱ्या येथील मराठी मुलाला अधिवासाचे नियम अर्ज भरण्यापूर्वीच समजावेत. मातृभाषा मराठी असल्याने प्रवेश आपोआप सुकर होत नाही.

मात्र या साऱ्यांहून मोठी कसोटी नीतीची आहे. जो एखाद्या शिकवणी-वर्गाकडून वा महाविद्यालयाकडून दलाली घेतो, तो सल्लागार नव्हे, अडत्या होय. त्याच्या एका शब्दावर एखादे कुटुंब जमीन गहाण टाकते, दागिने मोडते. चार वर्षांनी हाती निरुपयोगी पदवी आणि डोक्यावर कर्ज उरते. विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट पालकांपुढेही परस्पर न उघड करणे, आणि प्रश्न मनोविकाराचा असल्यास ‘हे माझ्या कक्षेबाहेरचे आहे’ असे सांगून तज्ज्ञाकडे पाठविणे, हेही याच नीतीचे अंग. शेवटी निर्णय विद्यार्थ्याचाच राहिला पाहिजे, कारण त्याचे फळ त्यालाच भोगावयाचे असते.

ग्रंथालयाचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. उत्तम ग्रंथपाल वाचकावर आपली आवड लादत नाही. त्याची भूक ओळखून योग्य कपाटापर्यंत नेतो आणि बाजूला होतो. सल्लागाराने हेच करावयाचे असते. दुसऱ्या शतकात पदार्पण करताना या वाचनालयाने आठवड्यातून एक सायंकाळ आणि एक टेबल या कार्यासाठी राखून ठेवावे, अशी माझी नम्र सूचना आहे. तेथे बसणाऱ्याची निवड मात्र वर सांगितलेल्या कसोट्यांवर करावी.