आत्महत्येचा प्रयत्न आणि कायदा

श्रोतेहो, एका मुलाच्या हकीकतीनें आरंभ करतों. साल १९९७. दहावीचा निकाल लागून दोन दिवस झाले होते. रात्रीं दहाच्या सुमारास त्या मुलाचे वडील माझ्या दारांत येऊन उभे राहिले. मुलानें जीव देण्याचा प्रयत्न केला होता व त्याला रुग्णालयांत नेलें होतें. "सर, डॉक्टरांना काय सांगूं?" त्यांनीं विचारलें. मीं क्षणाचाहि विचार न करतां म्हटलें, "अपघात झाला म्हणा. नाहीं तर पोलीस येतील."

डॉक्टरांनीं अपघातावर उपचार केले. तिसऱ्या दिवशीं मुलगा घरीं आला. मनाची चौकशी कोणीं करावी, हा प्रश्नच उरला नव्हता. पुढें वर्षभर त्याची आई त्याला खोलीची कडी लावूं देत नसे. पण त्याला कोणीं कांहीं विचारलें नाहीं. मींहि नाहीं.

माझें भय निराधार नव्हतें. १८६० च्या दंडसंहितेचें ३०९ वें कलम अशा माणसास एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही सांगत होतें. गुन्हा तडीस गेला तर आरोपीच उरत नाहीं आणि फसला तर शिक्षा, असा हा विलक्षण गुन्हा! इंग्लंडनें आपल्याकडील असा कायदा १९६१ सालींच मोडीत काढला. आपल्याकडे विधि आयोगानें १९७१ सालीं हें कलम काढण्याची शिफारस केली. १९७८ सालीं तसें विधेयक राज्यसभेंत मंजूरहि झालें. पण लोकसभा बरखास्त झाली आणि तें बारगळलें. १९८६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें एका पोलीस शिपायाच्या अर्जावर हें कलम घटनाबाह्य ठरविलें. अपघातानंतर त्या शिपायाचें मन ठिकाणावर राहिलें नव्हतें आणि महापालिकेच्या कचेरीपाशीं त्यानें जीव देऊं पाहिला होता. १९९४ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तोच कौल दिला. परंतु १९९६ सालीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें तो फिरविला. माझा सल्ला त्याच्या पुढल्याच वर्षींचा!

कलम असलें म्हणजे लोक भितात, असें कांहीं सुज्ञ माणसें म्हणत. मला तें कधींच पटलें नाहीं. मरणाचीच भीति ज्याला उरली नाहीं, तो वर्षाच्या कैदेचा हिशेब कशाला करील? भितात तीं घरचीं माणसें. आणि भिऊन तीं जें लपवितात, तीच गोष्ट डॉक्टरांना सर्वांत आधीं कळावयास हवी. कारण पूर्वीं एकदां झालेला प्रयत्न हीच पुढल्या धोक्याची सर्वांत मोठी खूण होय, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आतां कायदा बदलला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवेचा कायदा २०१८ च्या मे महिन्यांत अंमलांत आला. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत असा माणूस तीव्र मानसिक ताणाखालीं होता, असें तो गृहीत धरतो आणि त्याच्या उपचारांचा भार सरकारवर टाकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तर ३०९ वें कलम नाहींच. मात्र सरकारी नोकरावर दडपण आणण्याच्या हेतूनें असा प्रयत्न केल्यास २२६ व्या कलमानें अजूनहि शिक्षा आहे. मुंबईच्या त्या शिपायाला आज हेंच कलम दाखविण्यांत आलें असतें कीं काय, अशी शंका मला येते.

पण घरोघरीं जुनेंच कलम चालू आहे! म्हणून सांगतों : डॉक्टरांपाशीं खरें बोला. मुलाला सरळ विचारा. विचारल्यानें नसता विचार डोक्यांत शिरतो, ही समजूत खोटी आहे. कोणाशीं बोलावें तें सुचत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस उघडा आहे.

तो मुलगा आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. गेल्या दिवाळींत भेटला, तेव्हां त्या रात्रीविषयीं मीं त्याला प्रथमच विचारलें. त्याच्या हातांतला चहा निवून गेला, तरी तो बोलतच होता.